तोळाभर वजनाची गोळी: मीकरच्या डोंगरात एल्कच्या मागावर

ऑक्टोबरच्या अखेरीस, कोलोरॅडोच्या दुसऱ्या रायफल सीझनला, मी आणि काका मीकरला जाऊन आलो. काका मूळचे सांगलीचे, डेन्व्हरमध्ये तीसेक वर्षं, आणि आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत शिकार करणारे बहुधा एकटेच. लोकांना ते कळलं की आधी दचकतात, मग हळूच मटण कधी देताय म्हणून विचारतात. यंदा काकांच्या लायसन्सवर एक नर एल्क (इथलं भलंमोठं हरीण) मिळाला, माझं लायसन्स कोरं राहिलं. फोटो बघून ज्यांचे फोन आले त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'कॅलिबर (म्हणजे गोळीचा व्यास) कोणतं?' माझ्या मते आधी गोळी विचारावी, कॅलिबर मागाहून. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

डेन्व्हरहून आय-७० धरून पश्चिमेला निघायचं. ११,००० फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडला की पुढे रायफल नावाचं गाव लागतं (नाव खरंच हेच आहे), तिथून १३ नंबरच्या रस्त्याने चाळीसेक मैल उत्तरेला मीकर. चार तास धरा. बर्फ पडला तर काही धरू नका. मीकरहून व्हाइट रिव्हरच्या काठाकाठाने रस्ता फ्लॅट टॉप्सच्या पठाराकडे चढत जातो. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत, आणि राज्यातला सर्वांत मोठा कळप याच व्हाइट रिव्हरच्या भागातला. त्यामुळे सीझनमध्ये गावातल्या खोल्या भरलेल्या असतात. उन्हाळ्यातच बुकिंग करा. पहिला दिवस नुसता हिंडण्यात घालवा आणि पाणी भरपूर प्या, कारण सगळा कारभार आठ-दहा हजार फुटांवर चालतो आणि डोकं ठणकायला लागलं की नेम कसला लागणार!

एल्क म्हणजे केवढं जनावर हे फोटोत कळत नाही. आपल्या काश्मीरच्या हांगुलाचा हा जवळचा नातेवाईक, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे-साडेतीनशे किलोचा, मादी सव्वादोनशेच्या घरात. हाडं जाड, फऱ्याखाली स्नायूंचा थर, आणि मरायची अजिबात घाई नसते. हरणाला पुरणारी गोळी एल्कच्या फऱ्यावर आपटून वरच्यावर फुटली, तर जखमी जनावर दोन डोंगर पलीकडे जाऊन मरतं आणि कोणाच्याच हाती लागत नाही. काडतूस निवडताना डोळ्यांसमोर हेच ठेवायचं.

गोळीचं वजन इथे ग्रेनमध्ये मोजतात. नवख्याला १५०, १६५, १८० हे आकडे ऐकून काहीच बोध होत नाही. काकांची थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) रायफल १८० ग्रेनची गोळी मारते. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सराफ हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणून मोकळे होतात, तो नाही. जुना, आजीच्या पाटल्यांचा तोळा. तेवढं वजन नळीतून सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या वेगाने बाहेर पडतं.

पण त्या तोळ्याचं जनावराच्या अंगात शिरल्यावर काय होतं, हे ठरतं गोळीच्या बांधणीवर. साधी गोळी म्हणजे शिशाचा गर आणि वर तांब्याचं पातळ कवच. हरणाला उत्तम, स्वस्त. एल्कलाही वर्षानुवर्षं लोक हीच मारत आले आहेत, पण मॅग्नमच्या (जास्त दारूच्या काडतुसाच्या) वेगाने जवळून हाडावर बसली की तिचे तुकडे होण्याचा धोका असतो. जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला हे १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) गोळ्या वाया गेल्यावर कळलं. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा भिंतीआड शाबूत राहून आत घुसत जातो. तीच ही पार्टिशन, एल्कच्या गोळ्यांचा पहिला प्रकार, १९४८ पासून विकली जातेय, काकांची लाडकी. दुसरा प्रकार बॉन्डेड, म्हणजे गर आणि कवच एकजीव केलेले, ॲक्युबाँड त्यातली. तिसरा प्रकार अख्ख्या तांब्याची, शिसं औषधालाही नाही. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये आणली आणि आता बहुतेक सगळ्या कंपन्या बनवतात. एल्कला या तिन्हींतली कुठलीही घ्या. लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी बनवलेल्या नाजूक गोळ्या, डब्यावर कितीही देखणा एल्क छापलेला असो, मी घेणार नाही.

कायद्याची किमान अट कोलोरॅडोत अशी: कॅलिबर निदान .२४, गोळी फुलणारीच हवी आणि एल्कसाठी निदान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे १,००० फूट-पाउंड ऊर्जा. रेंजवर मारतात ती पूर्ण कवचाची स्वस्त गोळी त्यामुळे आपोआपच बाद. ही अट पास होण्यापुरती समजा. तिच्या काठावरचं काडतूस अनुभवी माणसाच्या हातात चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता कॅलिबर. .३०-०६ आलं १९०६ साली, .२७० विंचेस्टर १९२५, .३०८ १९५२, सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३, आणि पोरांची आवडती सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर २००७. या सगळ्यांनी एल्क पडतात. शिकारीवर लिहिणाऱ्यांपैकी जॅक ओ'कॉनर आयुष्यभर .२७० चे गोडवे गात राहिले, एल्मर कीथ जाड आणि जड गोळीशिवाय बोलत नसत, आणि त्यांचा वाद आजही दर शेकोटीभोवती पहिल्या पेल्यानंतर सुरू होतो. चांगल्या बांधणीची गोळी असेल तर ३०० यार्डांच्या आत जनावराला या वादाचं काही पडलेलं नसतं. क्रीडमोर घेणाऱ्याने मात्र पल्ला आखडता ठेवावा आणि फऱ्याच्या हाडाला गोळी देणं टाळावं, एवढं माझं मत.

मी सुरुवातीला काकांना विचारलं होतं, "काका, .३०० मॅग्नम घेऊ का?"

"घे की. आधी खांद्याला विचार. चाप ओढताना डोळे मिटत असतील तर तोफ दिली तरी काय उपयोग, अरे?"

मी .३०८ घेतली. मॅग्नमचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या जवळजवळ दीडपट असतो, त्यात हलकी डोंगरी रायफल असेल तर विचारूच नका. धक्क्याच्या धास्तीने माणूस सराव कमी करतो, आणि सरावाची भरपाई कुठल्याच काडतुसाने होत नाही.

खरेदीची पद्धत सांगतो. तीन वेगवेगळ्या गोळ्यांचा एकेक डबा आणा. चांगल्या गोळीचा वीस काडतुसांचा डबा चाळीस ते सत्तर डॉलरला पडतो, तेव्हा हे जिवावर येतं खरं. पण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या १०० यार्डांवर दोन-तीन इंच इकडेतिकडे लागतात. तुमच्या रायफलला जी मानवते तिचेच आणखी तीन-चार डबे, डब्यावरचा लॉट नंबर जुळवून, एकदम घ्या. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. सप्टेंबरात दुकानात गेलात तर हवी ती सोडून बाकी सगळी असते. झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, २०० यार्डांवर ठेवा. टेबलावरून नेम जुळला की टेबल सोडा: मांडी घालून, गुडघ्यावर, पाठीवरची सॅक पुढ्यात टाकून मारा. आणि थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते ते वहीत लिहा, कारण डोंगरात तीच एक मिळते.

सपाटीवरून येणारे उंचीची फार काळजी करतात. विरळ हवेत गोळी वाटेत थोडी कमी खाली येते, पण ३०० यार्डांपर्यंत फरक एखाद-दोन इंचांचा. वाऱ्याचं भय धरा: ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच ढकलतो. उताराचाही हिशेब हवा. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) ३०० यार्ड दाखवत असेल तर नेम २६० चा धरायचा.

काकांचा एल्क एका कडाक्याच्या सकाळी मिळाला. डोक्याला दिवे बांधून अंधारात धारेवर चढून बसलो होतो. उजाडलं तसं समोरच्या उतारावर ॲस्पेनच्या उघड्या बुंध्यांमध्ये पिवळट ढुंगणं हलताना दिसली. माद्या, आणि सर्वांत शेवटी, स्प्रूसच्या काळ्या झाडीला लागून, नर. त्या युनिटमध्ये (शिकारीच्या विभागात) नराच्या एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं. दुर्बिणीतून मी पाच मोजली. २३० यार्ड. काका सॅकवर रायफल टेकवून आडवे झाले, पण त्याच्या मागे एक मादी उभी होती, आणि पार्टिशन नरातून निघून मादीत शिरू शकते. ती हलेपर्यंत थांबले. मला वाटलं झाडीत जातोय आता. मग बार झाला, आणि पाठोपाठ ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा 'थप्प' आवाज आला.

नर पडला नाही. पाठ जरा वाकवली आणि होता तिथेच उभा राहिला. एल्कचं हे असंच असतं, आणि नवखा माणूस इथेच 'चुकली वाटतं' म्हणून मान वर काढतो. काकांनी गालही न उचलता बोल्ट ओढून दुसरी दिली. चाळीसेक पावलं चालून तो बसला, मग कलंडला. उभा आहे तोवर मारत राहायचं. एक गोळी एक जनावर हा हिशेब बढाया मारायला ठेवा. झाडीत शिरलाच तर मात्र अर्धा तास बसून राहा आणि मगच माग काढा.

एक गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. दुसरी फऱ्याचं हाड मोडून पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. बोटाला सुपारीएवढी गाठ लागली, तिथे सुरी लावली तर बाहेर आली. पुढचा भाग तांब्याच्या पाकळ्या होऊन मागे वळलेला, आतलं शिसं बरंचसं गेलेलं, बुडाचा भाग जसाच्या तसा. घरी काकांच्या बंदुकीची दारू मोजायच्या काट्यावर तिचं वजन १२१ ग्रेन भरलं. तोळ्याचा दोन तृतीयांश.

उरलेला एक तृतीयांश गेला कुठे? मांसात. शिशाचे कण जखमेपासून बरेच लांबवर उडतात, काही डोळ्यांना दिसतही नाहीत. काकांनी जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकलं, पण घरात लहान मुलं असतील तर सरळ तांब्याची गोळी घ्या. मी तीच वापरतो. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाला बंदीच आहे. शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खाऊन काँडर गिधाडं मरत होती. तांबं शिशाहून हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून एक पायरी खाली उतरायचं: शिशाची १८० तर तांब्याची १६५ किंवा १५०. आणि ही गोळी फुलायला वेग लागतो. लागतेवेळी सेकंदाला दोनेक हजार फूट तरी असावा, म्हणजे .३०८ वाल्याने लांबचा मोह सोडावा.

मांस वाहण्याबद्दल थोडक्यात: एकेक मागचा पाय पंचवीस-तीस किलोचा, आणि गाडी नेमकी वरच्या अंगाला असते. चाप ओढण्यापूर्वी खाली बघून हे आठवा. नर-मादी ओळखायचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवावा लागतो, आणि काही युनिटमधून वेस्टिंग रोगाच्या (हरणांचा मेंदूचा जीवघेणा आजार) तपासणीसाठी डोकं द्यावं लागतं. त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

कागदपत्रांचं आपल्या लोकांसाठी खास. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. नारिंगी किंवा गुलाबी भडक कपडा ५०० चौरस इंच, शिवाय टोपी. ग्रीन कार्डवाल्यांना बंदुकीची अडचण नाही. एच-वन-बीवर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणजे लायसन्स आधी, रेंजवर मित्राची रायफल हातात घेणं नंतर. एकच काडतूस खिशात सापडलं तरी ते बाळगणंच धरतात, तेव्हा व्हिसाचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारून घ्या.

विमानाने येणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून; काडतुसं डब्यातच, चेक-इन सामानात, बहुतेक विमान कंपन्या अकरा पाउंडांपर्यंत नेऊ देतात. आणि शिकारीला नेलेली सॅक किंवा जाकीट दिवाळीला भारतात नेऊ नका. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि पुढचे महिने कोर्टात जातात. रिकामी पितळी नळकांडीसुद्धा नकोत. काकांनी शिकारीच्या सामानाला वेगळा लाल डफल ठेवलाय, तो गॅरेजमधून फक्त गाडीत जातो आणि गाडीतून गॅरेजमध्ये.