तुम्ही विचारलंत म्हणून: माझं मत नेव्हिल डिसोझाला

भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू कोण, असं मला मैदानाबाहेर, लोकलमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात दोनच नावं असतात, सुनील छेत्री आणि बायचुंग भुतिया. मी नेव्हिल डिसोझाचं नाव घेतलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "कोण?" म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

सुरुवात 1952 पासून करावी लागेल. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं धुतलं. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. चार वर्षांनी मेलबर्नला संघ गेला तो बूट घालून. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर बॅनर्जी, उजव्या बगलेला पी. के. बॅनर्जी आणि मधोमध आघाडीला नेव्हिल. जन्म गोव्यातल्या आसगावचा, फुटबॉल मुंबईतलं. माझे वडील परळहून चालत कूपरेजला जायचे, खाली पेपर अंथरून सामने बघायचे. नेव्हिलला त्यांनी तिथेच पाहिलं होतं, त्यामुळे आमच्या घरात तो 'आपला' होता.

1 डिसेंबर 1956, उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. त्यांनी बरोबरी केली. नेव्हिलचा दुसरा गोल. मध्यंतराच्या आधी त्यांनी पुन्हा बरोबरी साधली. दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा गेली की भल्याभल्या संघांचे खांदे पडतात. मध्यंतरानंतर लगेच नेव्हिलने तिसरा मारला आणि मग मात्र ती आघाडी टिकली. शेवटी किट्टूने चौथा मारला, 4-2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई.

यावर वाद घालणारे घालतातच, आणि त्यांचे मुद्दे खोटे नाहीत. त्या स्पर्धेत अकराच संघ होते. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती, पण तिथला उठाव रशियन रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता. हंगेरीचा संघ खेळलाच नाही आणि आपण आपोआप पुढे गेलो. म्हणजे एकच सामना जिंकून उपांत्य फेरी! मान्य. पण तिथे समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होती, 10-1 वाली. मध्यंतराला 0-0. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारत पुढे गेला. जेमतेम दोन-तीन मिनिटं. मग ते सावरले आणि 4-1 ने जिंकले, पुढे रौप्यपदक घेऊन गेले. आपण बल्गेरियाकडून हरून चौथे आलो. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता.

ती दोन-तीन मिनिटं मला कुठल्याही करंडकाइतकी मोलाची वाटतात.

जर्नेल सिंगचं नाव कुणी घेतलं तर मात्र मी दोन पावलं मागे सरतो. 1962, जकार्ता आशियाई स्पर्धा. डोक्याला टाके पडलेले असताना या बचावपटूला रहीमसाहेबांनी आघाडीला खेळवलं. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. लाखभर प्रेक्षक आपल्या विरोधात होते, तरी आपण दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण जिंकलं. यश म्हणून जकार्ता मेलबर्नहून मोठं, यात शंका नाही. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

नेव्हिलला देशासाठी मोजकेच सामने मिळाले. 1980 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आकड्यांत तो छेत्रीच्या जवळपासही नाही, आणि छेत्रीचं मोठेपण मी कमी लेखत नाही. जून 2018 मध्ये अंधेरीच्या मैदानात त्याने हॅटट्रिक केली तेव्हा गॅलरी जवळजवळ रिकामी होती. त्याने व्हिडिओतून लोकांना हात जोडले, शिव्या द्यायला या, पण या म्हणाला. पुढचा केनियाशी सामना, त्याचा शंभरावा. मैदान खच्चून भरलं. मी तिथे होतो. धो धो पाऊस. पास दिला की चेंडू पाण्यात रुतून जागीच थांबायचा. शेवटी शेवटी छेत्रीने तो अलगद उचलून गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. पाण्यावरून जाणार नव्हता, म्हणून हवेतून नेला.

माझ्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा, नखशिखांत भिजलेला एक मुलगा होता. "काका, याच्याहून मोठा कोणी होता का आपल्याकडे?" मी नाव सांगितलं. स्टेशनपर्यंत चालता चालता मेलबर्नचा सामना सांगितला. पहिला गोल, बरोबरी, दुसरा, पुन्हा बरोबरी. तिसऱ्या गोलाशी आलो आणि त्याची विरार लोकल लागली. तो धावत चढला, दारातूनच ओरडला, "मग जिंकलो का?"

"चार-दोन!" मी ओरडलो.