पोटॅशियम ७.९, पण कुणाचं?

२४ वर्षांचा मुलगा, अक्यूट ल्युकेमिया. आयसीयूत आला तेव्हा पांढऱ्या पेशी ३ लाख १० हजार, प्लेटलेट १८ हजार, हिमोग्लोबिन ६.२. "रक्त कमी आहे म्हणता, मग चढवत का नाही?" वडिलांचा प्रश्न रास्तच होता. पण पेशींनी आधीच दाटलेल्या रक्तात लाल पेशी ओतल्या की ते आणखी घट्ट होतं, मेंदूत आणि फुफ्फुसांत तुंबतं. प्लेटलेट दिल्या, रक्त चढवणं मात्र थांबवलं.

तेवढ्यात लॅबचा फोन: पोटॅशियम ७.९, जिवावर बेतेल इतकं जास्त. रेसिडेंटने ते उतरवायला इन्सुलिन भरायला घेतलं. मॉनिटरवरच्या ईसीजीत मात्र टी वेव्ह बुटक्या, क्यूआरएस अरुंद, म्हणजे वाढलेल्या पोटॅशियमची एकही खूण नाही. आमच्याकडे नमुने न्यूमॅटिक ट्यूबने, म्हणजे हवेच्या दाबावर पाइपमधून, लॅबला जातात. ल्युकेमियाच्या पेशी नाजूक. त्या धक्क्यांनी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नळीतच सांडतं. टूर्निके (दंडाचा पट्टा) न बांधता पुन्हा रक्त घेतलं, बेडजवळच्या एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर तिथल्या तिथे लावलं. ३.१, म्हणजे उलट कमीच. यावर इन्सुलिन गेलं असतं तर हृदयाची लय बिघडायला वेळ लागला नसता.

त्याच एबीजीत रक्तातला ऑक्सिजन ४१, म्हणजे फारच कमी, पण बोटावरचं सॅच्युरेशन ९६. इथे बोट खरं. लाखो पेशी सिरिंजमध्येच ऑक्सिजन खातात. दुसरी सिरिंज बर्फात ठेवून लगेच लावली तर ७२. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी थांबवली, हाय फ्लो ऑक्सिजनवर भागलं. १८ हजार प्लेटलेटवर घशात ब्लेड घालायची हौस कुणालाच नसते. पोटॅशियमची सिरिंज मात्र बर्फात ठेवायची नाही, गारठ्याने पोटॅशियम पेशींबाहेर येतं. रासबुरिकेज या युरिक ॲसिड फोडणाऱ्या औषधानंतर युरिक ॲसिडचा नमुना उलट बर्फातच पाठवायचा, नाहीतर औषध नळीतही युरिक ॲसिड फोडत राहतं आणि आकडा फसवा कमी येतो. हे सगळं नव्या माणसाला रात्री दोन वाजता आठवावं, अशी आपली अपेक्षा.

मनात घोळतंय ते पुढचं. आयसीयूतल्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, 'के (पोटॅशियम) खोटं येतं'. सायटॅराबिन ही केमोथेरपी सुरू झाली, पेशी मरू लागल्या, आणि दुसऱ्या रात्री पोटॅशियम ६.८ आलं. ड्यूटी डॉक्टरने फळा वाचला आणि रिपोर्ट बाजूला ठेवला. सिस्टरने फळा नाही, मॉनिटर पाहिला: टी वेव्ह टोकदार, पोटॅशियम खरंच वाढल्याची खूण. तासाची लघवी जेमतेम २० मिली, फॉस्फरस वाढून ९.४. तिने स्वतःच एबीजी लावला, ६.६. या वेळी आकडा खरा होता, ट्यूमर लायसिसचा: पेशी नळीत नाही, शरीरातच फुटत होत्या. कॅल्शियम, इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, पहाटेपर्यंत डायलिसिस. मुलगा त्यातून निघाला. राउंडला कौतुक मात्र डायलिसिसच्या टीमचं झालं.

आता फळ्यावर आकड्यापुढे वेळ आणि 'हाताने' की 'ट्यूबने' हेही लिहितो. 'हाताने' लिहिणं सोपं आहे. रात्री अख्ख्या मजल्याला वॉर्डबॉय एकच असतो, आणि तो बहुतेक वेळा ब्लड बँकेच्या खिडकीवर प्लेटलेटसाठी उभा असतो.