सिंदेवाहीत पडलेली रिंग आणि यूएनमधलं आपलं मत

२ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आभाळातून जळत जाणारे गोळे विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी बघितले, कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान पडतंय, आणि मग कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडलीये. अडीच-तीन मीटरची रिंग, गावातल्याच मोकळ्या जागेत! आसपास धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा टप्पा असावा असं अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या जाणकारांनी सांगितलं. कोणाला काही झालं नाही हे नशीब.

तेव्हा सगळे विचारत होते की घरावर पडली असती तर भरपाई कोणी दिली असती? त्याचं उत्तर १९७२ च्या लायबिलिटी कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे अवकाशातल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानाच्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. जमिनीवर नुकसान झालं तर ज्या देशाने रॉकेट सोडलं त्याने पैसे द्यायचे, चूक कोणाची हा प्रश्नच नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत युनियनचा उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तरेला बर्फात पडला, त्यात अणुभट्टी होती, किरणोत्सारी तुकडे वेचत फिरावं लागलं. कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलरच्या वर बिल लावलं आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर मिटलं. म्हणजे अर्धेच, पण मिळाले तरी.

वर अवकाशात मात्र सगळा कारभार वेगळा आहे. तिथे चूक सिद्ध करावी लागते, आणि करणार कशी? १० फेब्रुवारी २००९ ला अमेरिकन कंपनीचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सैबेरियाच्या वर ७९० किलोमीटरवर एकमेकांवर आदळले, मोजता येतील असे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले आणि कोणी कोणावर दावा लावला नाही. बरं, दुसऱ्या कोणी जाऊन ते तुकडे उचलावेत म्हटलं तर तेही जमत नाही, कारण १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार मेलेला उपग्रहसुद्धा ज्याचा त्याचाच राहतो, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि परवानगी कोण सहज देईल, जो यांत्रिक हात बंद उपग्रह पकडू शकतो तो चालू उपग्रहही पकडू शकतो ना. म्हणून सफाईचं तंत्रज्ञान आलं तरी गाडी अडते ती एकमेकांवरच्या अविश्वासावर.

आता मुद्दाम केलेल्या कचऱ्याबद्दल, आणि त्यातल्या आपल्या वाट्याबद्दल. चीनने २००७ मध्ये ८६५ किलोमीटरवर स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तीन हजारांहून जास्त तुकडे, त्यातले बरेच अजून फिरतायत. आपणही २०१९ ला मिशन शक्तीत क्षेपणास्त्राने स्वतःचा उपग्रह फोडला, तो मुद्दाम खाली, २८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कचरा लवकर जळून जावा म्हणून. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. तरी काही तुकडे वर उडालेच. मग २०२१ ला रशियाने स्वतःचाच बंद उपग्रह कॉसमॉस १४०८ फोडला आणि स्पेस स्टेशनवरच्या लोकांना, त्यात रशियाचे स्वतःचे अंतराळवीरही होते, परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं.

त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये यूएनच्या आमसभेत ठराव आला की क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याच्या अशा चाचण्या करणार नाही असं प्रत्येक देशाने जाहीर करावं. १५५ देश बाजूने, ९ विरोधात, त्यात चीन आणि रशिया, आणि ९ तटस्थ. भारत तटस्थ.

हे मला मनापासून पटत नाही. आपली भूमिका मला माहिती आहे, नुसत्या जाहीरनाम्यांपेक्षा कायद्याने बांधील करणारा करार हवा असं आपण वर्षानुवर्षं म्हणतोय आणि त्यात तथ्यही आहे. पण जिनिव्हात, यूएनशी जोडलेल्या निःशस्त्रीकरण परिषदेत, तो विषय कित्येक दशकं अडकून पडलाय, कारण तिथे एकाने नाही म्हटलं की संपलं. तोवर काय करायचं?

आणि आपण आता फक्त रिंग झेलणारे राहिलो नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात जुरियन बे जवळच्या किनाऱ्यावर मोठा सिलिंडर वाहून आला, तो आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा निघाला. इस्रोने ते मान्य केलं, हे चांगलं केलं. २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचं असंही इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केलंय, मेघा-ट्रॉपिक्स-१ हा जुना उपग्रह तर २०२३ मध्येच उरलेलं इंधन वापरून नीट पॅसिफिकमध्ये उतरवला, खरं तर तो तसा उतरवण्यासाठी बनवलेलाही नव्हता. एवढं करणाऱ्या देशाने तटस्थ का राहायचं? चाचणी करून झालीये, क्षमता दाखवून झालीये, परत फोडायची गरज उरलेली नाही, मग आपणहून जाहीर करून टाकावं आणि पुढचा ठराव येईल तेव्हा बाजूने मत द्यावं.