दीपगृहाची दुपार

लाइटहाऊसचे सगळे फोटो संध्याकाळचे. आभाळ जांभळं, खाली खडक, खडकावर लाट. मला मात्र त्याची दुपार जास्त खुणावते. परवा जेवून आडवा झालो, तोंडावर ऊन आलं म्हणून पडदा ओढला आणि आठवलं, लाइटहाऊसलाही दुपारी पडदे लावत.

खरंच लावत. फ्रेनेल या शास्त्रज्ञाचं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात पहिल्यांदा बसलं. मधल्या दिव्याचा उजेड गोळा करून थेट समुद्रावर फेकणारी काचेची कडी. पण भिंगाला आतबाहेर कळत नाही. दिवसा ऊन आत शिरलं की तेही मधोमध एकवटणार आणि आग लागणार. म्हणून सकाळी दिवा विझवला की राखणदार काचा झाकून टाकी.

भिंगाची ही खोड आपल्याला पाठ. गच्चीवर वर्तमानपत्र पसरायचं, ठिपका बारीक करत आणायचा, कागद आधी तपकिरी, मग धूर. नट्यांचे फोटो वाचवायचे, पुढाऱ्यांचे जाळायचे, हा अलिखित नियम. मुंग्यांबद्दल न बोललेलं बरं.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेट दिसतं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने जंग जंग पछाडलं. किल्ला उभा राहिलाच. मग १८६७ साली इंग्रजी अमदानीत त्याच बेटावर दीपगृह झालं. आता बेटाला नाव कान्होजी आंग्रे यांचं. ज्यांनी इंग्रजी जहाजांची झोप उडवली, त्यांच्या नावाच्या बेटावरून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना वाट दाखवायची! मला याचं दर वेळी हसू येतं.

असो. दुपारचं सांगत होतो. वाती कातरायच्या, काजळी पुसायची, पितळ घासायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंग पाऱ्यावर तरंगवायची युक्ती निघाली. काही टनांचा डोलारा, पण हाताने हलकेच ढकलला तरी फिरे. त्या पाऱ्यावर धूळ बसे. मग तो काढून, कापडातून गाळून, परत ओतायचा. खोली लहान, वारा बेताचा, आणि पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती थेट मेंदूवर जाते. बेटावरचा राखणदार भ्रमिष्टासारखा वागू लागला, की किनाऱ्यावरची माणसं म्हणत, एकटेपणाने झालं.