38 स्लाइडी आणि 20 बोंडं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात सप्टेंबरअखेरीस कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर बोलायचं होतं. हाताशी 38 स्लाइडींचं सादरीकरण होतं, पण ते अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी केलेलं: जीवनचक्र, आलेख, बीटी कापसातल्या क्राय1एसी आणि क्राय2एबी या दोन्ही विषांना अळी कशी सरावली त्याचा इतिहास. गावात यातलं फारसं उपयोगाचं नव्हतं. काटछाटीला एआय साधन घेतलं.

‘हे सोपं करून दे’ एवढंच सांगितलं की ही साधनं शब्दांबरोबर अटीही गाळतात. मूळ वाक्य होतं, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री, दर सापळ्याला दररोज सरासरी 8 पतंग आले तर उपाय करा. त्याचं झालं, ‘सापळ्यात 8 पतंग दिसले की फवारा.’ ऐकायला सुटसुटीत, पण यात एक फवारणी फुकट जाते. पुढच्या मसुद्यात तर दोन कीटकनाशकं मिसळून फवारण्याचा सल्ला निघाला. 2017 साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले आहेत. तो परिच्छेद दुरुस्त करत बसण्यात अर्थ नव्हता, उडवला. औषधाचं नाव, मात्रा, पाण्याचं प्रमाण हे मी साधनाला लिहूच देत नाही. तिथे मोकळी जागा ठेवायला सांगतो आणि कृषी विद्यापीठाची शिफारस व डब्यावरचं लेबल बघून स्वतः भरतो.

साधनाचा खरा उपयोग वेगळ्या कामाला झाला. त्याला आधी श्रोत्यांचं वर्णन दिलं: साठेक माणसं, बहुतेकांची पाच एकरांच्या आतली जमीन, जूनअखेरची पेरणी, दोन फवारण्या झालेल्या, वेचणीला जाणाऱ्या बायाही बसणार, जागा देवळापुढचं पटांगण, वेळ 30 मिनिटं, प्रोजेक्टर नाही. (नावं, फोन नंबर, गट क्रमांक यातलं काहीही साधनात टाकायचं नाही.) मग सांगितलं, भाषण लिहू नकोस, यातली पाच माणसं हो आणि मला प्रश्न विचार.

पहिले प्रश्न शाळेतल्या पेपरासारखे आले, ‘बोंडअळीची लक्षणे कोणती?’ असे. मग परिस्थिती आवळली: बियाणं उधारीचं आहे, गेल्या वर्षी सापळे लावूनही कापूस किडला, तू चिडलेला आहेस, एका वाक्यात विचार. आता कामाचं निघालं. सापळ्यात नरच पडतात, मग अंडी घालणाऱ्या मादीचं काय? शेजारी सापळे लावत नाही, मी एकट्याने लावून काय होणार? डिसेंबरात पऱ्हाटी उपटली तर फरदडीचा (मुख्य वेचणीनंतरही पीक उभं ठेवून मिळणारा) कापूस बुडतो, त्याची भरपाई कोण देणार?

हे तीन प्रश्नच भाषणाचा सांगाडा झाले. फरदडीचा प्रश्न शेवटून पहिल्यावर आणला, कारण पैशाचं मनात अडकलेलं असताना माणूस बाकीचं ऐकत नाही. हेक्टरी 5 सापळे ही शिफारस एकरी 2 अशी सांगायची ठरवली. 38 स्लाइडींतली एकही उरली नाही. त्याऐवजी एक सापळा, एक ल्युर (सापळ्यात लावायची वासाची गोळी), डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) आणि चाकू.

सभेत मात्र साधनाच्या यादीत नसलेला प्रश्न आला. एकाचं वावर जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, लागून होतं. ‘सापळा लावल्यापासून रोज भरतोय साहेब. मी काय रोज फवारू?’

जिनिंगमधल्या सरकीतून आणि किडक्या कापसातून पतंग निघत राहतात, त्यामुळे तिथे सापळ्याचा आकडा फुगतो. आकडा हा इशारा. फवारायचं की नाही ते बोंड फोडून ठरवायचं. एकरभरातल्या वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं घ्यायची. 2 बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के, तर उपाय. बाहेरून बघून कळत नाही, कारण अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि भोक बुजतं.

त्याच्या पोराने जाऊन 20 बोंडं आणली. सगळ्यांसमोर फोडली, एकातच अळी निघाली. फवारणी थांबवून आठवड्याने पुन्हा बोंडं फोडायचं ठरलं. ते बघून गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक जण म्हणाला, आपला सापळा रिकामाच असतो, आपल्याला काळजी नाही. त्याचीही बोंडं मागवली. 20 पैकी 4 किडकी, चारींत जिवंत अळ्या. सापळ्यातली ल्युर लावल्यापासून बदललेलीच नव्हती. तिचा वास गेला, की पतंग कितीही असोत, सापळा रिकामाच दिसतो. तिची मुदत पाकिटावर लिहिलेली असते.

पुढच्या गावासाठी साधनाला दिलेल्या वर्णनात दोन ओळी वाढल्या: जिनिंग किती लांब आहे, आणि ल्युर शेवटची कधी बदलली.