तेलातून काढलेला जॉब टेबलावर ठेवू नका

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शॉपांमध्ये ईएन ३१ चा (सुमारे १ टक्का कार्बनच्या बेअरिंग पोलादाचा) जॉब, म्हणजे कडक करायचा भाग, ८४० अंशांवरून तेलात जातो, तेव्हा कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ऑस्टेनाइटची, म्हणजे तापलेल्या पोलादातली, अणूंची जाळी एकदम सरकते, कार्बन आत अडकतो आणि जाळीचा घन (क्यूब) एका दिशेने ताणला जातो. १ टक्का कार्बनला उंची रुंदीपेक्षा सुमारे साडेचार टक्के जास्त. हेच मार्टेन्साइट. कडकपणा या अडकलेल्या कार्बनमुळे. आकारमानही वाढतं, म्हणून धारदार कोपऱ्यांवर तडे जातात.

भट्टी ९०० वर गेली तर? जास्त कार्बन विरघळतो, मार्टेन्साइट आणखी खालच्या तापमानाला बनू लागतं, बराच ऑस्टेनाइट तसाच उरतो आणि हार्डनेस उलट कमी येतो! हे फार जण विसरतात.

जॉब ६०-७० अंशांवर आला की लगेच १५०-१८० वर दोन तास टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. सकाळपर्यंत थांबलात, तर रात्रीतच तडकू शकतो.