वीज गेली तर किती तास? आमच्या घरचा हिशोब

घरात व्हीलचेअर आहे आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन. त्यामुळे आपत्तीच्या तयारीत टॉर्च-बिस्किटांच्या आधी आम्ही मशीनच्या मागचं लेबल वाचलं. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. पण ती पार उपसायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती राहतात जेमतेम तीन तास, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणून दिवसाढवळ्या, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर शेजारी ठेवून मेन स्विच बंद केला आणि इन्व्हर्टर बोंबलेपर्यंत वेळ मोजला. खरा आकडा तोच.

सिलिंडरचं गणित सोपं आहे. पाण्याची क्षमता (सिलिंडरमध्ये किती लिटर पाणी मावेल तो आकडा) गुणिले गेजवरचा दाब: १० लिटर, १५० बार म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटर लागत असतील तर साडेबारा तास, पण धरायचे दहाच. फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर, डॉक्टरांनी सांगितलेलाच ठेवायचा, घाबरून वाढवायचा नाही. सिलिंडर उघडायची चावी दोरीने त्यालाच बांधली. ऐन वेळी सापडत नाही ती नेमकी हीच. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, पेट घेण्याचा धोका असतो. मेणबत्ती तर घरात आणायचीच नाही.

लिफ्ट बंद पडली की खरी परीक्षा जिन्यावर. बॅटरीची खुर्ची माणसासकट उचलणं अशक्यच, म्हणून घडीची साधी खुर्ची दाराशी ठेवली. उतरताना खुर्ची मागे कलती, तोंड खालच्या दिशेला. एकजण मागे मुठींवर, दुसरा खालच्या पायरीवर पुढची फ्रेम धरून. हातटेकू किंवा पायटेकू धरून उचलू नये, ते निघून हातात येतात. मुठींचे रबर सैल नाहीत ना, हे आधी पिळून बघायचं. सराव रिकाम्या खुर्चीने सुरू केला, मग तांदळाचं पोतं बांधून. मदतीला येणारे शेजारी दिवसा वेगळे, रात्री वेगळे, हेही तेव्हाच ठरवलं.

औषधं सात दिवसांची, दर महिन्याला जुनी वापरून नवी भरतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: औषधाचं नाव, मात्रा, ऑक्सिजनचा फ्लो.

आणि कुशन त्या साध्या खुर्चीलाच बांधून ठेवायची. ती घरी राहिली तर निवाऱ्यातल्या कडक बाकावर काही तासांतच दाबाने जखमेची सुरुवात होऊ शकते. ज्याला संवेदना नाही त्याला ते कळतही नाही.